चालून नव्हे, ठेवून खराब होणारे बूट

प्रश्न : आम्ही बडोद्यात वाघोडिया रोडला राहतो. जुलैपासून बुटांचं कपाट उघडलं की कुबट वास येतो. ह्यांच्या ऑफिसच्या काळ्या लेदरच्या बुटांवर पांढरं काहीतरी येतं, पुसलं की आठ दिवसांत परत. सासऱ्यांचे कारखान्यातले सेफ्टी शूज निवृत्तीपासून खोक्यात जपून ठेवले होते, परवा घातले तर जिन्यातच सोलचे तुकडे पडले. माझे स्वेडचे लोफर पावसात भिजून कडक झालेत, कोल्हापुरीवर काळे डाग आलेत, नवरात्रातल्या मोजडीची जर काळी पडली आणि मुलाचे पांढरे बूट धुतले की पिवळे होतात. कोणत्या बुटाला काय लावायचं ते एकदा नीट सांगाल का?

उत्तर : ताई, काय लावायचं ते सांगतो, पण तो भाग नंतरचा आहे. दांडिया बाजाराजवळच्या माझ्या दुकानात दुरुस्तीला जे बूट येतात, त्यांतल्या चालून झिजलेल्या बुटांची मला कधीच काळजी वाटत नाही. टाच झिजली, सोल घासला, तर रबर बदललं की काम झालं. जो बूट हातात घेऊन मला मान हलवावी लागते, तो बहुतेक वेळा ओला ठेवलेला, चुकीच्या जागी सुकवलेला किंवा बंद खोक्यात जपलेला असतो. तुमच्या यादीतले बहुतेक जोड याच तीन कारणांनी बिघडलेत. ही कारणं तशीच राहिली तर महागातलं क्रीम आणूनही उपयोग होणार नाही.

आपल्याकडची हवाच बघा. जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्यात सकाळची आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते, आणि बुरशीला ७० टक्केसुद्धा पुरतात. त्यात पायाचा घाम. शरीरात घामाच्या ग्रंथी सर्वांत दाट असतात त्या तळहातांवर आणि तळपायांवर. ऑफिसमधून आल्यावर काढलेला बूट बाहेरून कोरडा दिसतो. पण आत हात घालून बोटं पार पुढच्या टोकापर्यंत न्या, अस्तर दमट लागेल. तो दमट बूट आपण लगेच प्लायवूडच्या कपाटात टाकतो आणि दार लावून घेतो. आत आठ-दहा जोड, प्रत्येक जण थोडा थोडा ओला, आणि हवेला जायला फट नाही. वास तिथून येतो.

म्हणून पहिली गोष्ट अशी की घरी आल्यावर बूट कपाटात जाता कामा नयेत. नाड्या सैल करा, जीभ वर उचला, आतली गादी सुटी असेल तर काढून बाजूला ठेवा आणि रात्रभर पंख्याच्या वाऱ्यात राहू द्या. दुसरी गोष्ट, एकच जोड रोज घालू नका. दोन जोड असतील तर एक दिवसाआड घाला. एक संपवून दुसरा काढण्यापेक्षा हे दोन्ही जोड मिळून कितीतरी जास्त टिकतात, कारण अस्तराला आणि आतल्या पुठ्ठ्याला सुकायला पूर्ण एक दिवस मिळतो. लोक दुसरा जोड घेण्याला उधळपट्टी समजतात. मला तो सर्वांत स्वस्त उपाय वाटतो.

आता काळ्या बुटांवरचं ते पांढरं. याला सरसकट बुरशी म्हणू नका, कारण लेदरवर पांढरं येण्याची तीन निरनिराळी कारणं असतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा. बूट खिडकीशी न्या आणि उजेडात तिरका धरा. बुरशी असेल तर ती ठिपक्या-ठिपक्यांनी दिसते, नीट पाहिलं तर बारीक केसाळ असते, शिवणीत आणि जिभेच्या घडीत जास्त जमते, आणि तिला वास असतो. घामाचं मीठ असेल तर बूट चालताना जिथे वळतो तिथे किंवा सोलच्या कडेने वेडीवाकडी पांढरी रेघ दिसते. ओल्या फडक्याने ती जाते आणि बूट वाळला की पुन्हा उमटते. तिसरं म्हणजे चामड्यातली चरबी. चामडं कमावताना त्यात तेल-चरबी घालतात, ती कधी कधी, विशेषतः थंडीत, वर येऊन धुरकट साय धरल्यासारखी दिसते. ओळखायची सोपी खूण आहे: हेअर ड्रायरची कोमट हवा वीतभर लांबून काही सेकंद द्या. चरबी असेल तर डोळ्यांदेखत विरून जाते. बुरशी आणि मीठ जागचे हलत नाहीत.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे पावसाळा, कुबट वास आणि आठ दिवसांत परत येणं यांवरून, ही बुरशीच आहे. ती घरात झटकू नका. गॅलरीत न्या, नाकाला रुमाल बांधा आणि जुन्या ब्रशने कोरडीच झाडून काढा. तो ब्रश मग दुसऱ्या कुठल्या बुटाला लावायचा नाही. नंतर मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात फडकं बुडवा, घट्ट पिळा आणि बूट आतून-बाहेरून पुसा. जिभेखाली लपणाऱ्या जागी आधी लावून बघा, कारण काही बुटांचा रंग स्पिरिटने सुटतो. तसं झालं तर स्पिरिटऐवजी पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या मापाने घ्या. पुसून झाल्यावर दोन दिवस पंख्याखाली. सकाळचं कोवळं ऊन पंधरा-वीस मिनिटं दिलं तर चालेल, दुपारचं नको. पुसून आठ दिवसांत बुरशी परत येते याचा अर्थ ती अस्तरात आणि कपाटात शिल्लक आहे. कपाटाच्या फळ्याही त्याच दिवशी पुसायला हव्यात, नाहीतर ही मेहनत फुकट जाते.

लेदरला लावायचं काय, ते आता. ब्रशने धूळ काढा, किंचित ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग बुटाच्या रंगाचं शू क्रीम बोटभर फडक्यावर घेऊन पातळ लावा. दहा मिनिटं थांबा, मऊ केसांच्या बुटाच्या ब्रशने घासा. क्रीम आत मुरतं आणि लेदर मऊ ठेवतं. डबीतलं मेणाचं पॉलिश, चेरी ब्लॉसम किंवा किवीसारखं, वर राहतं आणि चमक देतं, पाणीही थोडं अडवतं. दोन्ही लागतात, पण मेण फक्त टोकाला आणि टाचेच्या मागे लावा. बोटांच्या मागे जिथे बूट रोज घडी घेतो, तिथे मेणाचे थर साचले की ते तडकतात आणि बघणाऱ्याला वाटतं लेदरच तडकलं. स्पंजवाल्या बाटलीतलं झटपट चमकवणारं लिक्विड लग्नाला निघताना एखादे वेळी ठीक आहे. रोज लावाल तर वरवर एक थर साचतो, तो पुढे सोलून निघतो आणि क्रीमलाही आत जाऊ देत नाही.

खोबरेल तेल लावू नका. घरोघरी हा उपाय सांगतात, पण ऑफिसच्या बुटाचं लेदर बहुतेक क्रोमने कमावलेलं असतं, त्याला हवी तेवढी चरबी आधीच दिलेली असते. वरचं तेल रंग काळपट करतं, धूळ धरतं आणि पावसाळ्यात बुरशीला आयतं खाद्य मिळतं. व्हॅसलिनचंही तसंच, चिकट थर वर राहतो.

बूट पावसात पूर्ण भिजला तर सुकवण्यात घाई करू नका. आधी बाहेरचा चिखल ओल्या फडक्याने काढा. आत कागद कोंबा. अस्तर फिक्या रंगाचं असेल तर वर्तमानपत्र नको, शाई लागते, कोरा कागद घ्या. तास-दीड तासाने कागद बदला, मग संध्याकाळी पुन्हा बदला. बूट आडवा ठेवा म्हणजे सोललाही हवा लागते. गिझरवर, गॅसजवळ, मोटारसायकलच्या सायलेन्सरवर किंवा मे-जूनच्या उन्हात कधीही नाही. लेदर म्हणजे प्रथिनांचे तंतू. ते ओले असताना तापले की आखडतात, आणि एकदा आखडलेले तंतू कुठल्याही क्रीमने सुटत नाहीत. उन्हात घातलेल्या पापडासारखी त्या बुटाची कड वर येते, आणि पुढे चालताना तिथेच चीर पडते. दोन-तीन दिवसांनी बूट हाताला जेमतेम दमट लागेल, तेव्हा पहिलं क्रीम लावा. पार खडखडीत वाळेपर्यंत थांबू नका.

तुमचे यजमान मोटारसायकल चालवत असतील तर त्यांच्या डाव्या बुटाचं टोक बघा. गिअर वर उचलताना दांडा तिथे घासतो आणि रंग उडून खाकी डाग पडतो. उजव्या बुटावर तो नसतो. बरेच जण नवे बूट घेतात ते या एका डागापायी. गिअरच्या दांड्याचं रबर झिजून गेलेलं असतं, ते बदलून घ्यायला फार खर्च येत नाही. डाग पडलाच असेल तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, रंगाचं क्रीम दोन-तीन पातळ हातांत द्या, बराचसा झाकला जातो.

हे सगळं खऱ्या लेदरचं झालं. आधी खात्री करा की बूट लेदरचाच आहे. जीभ उलटून तिची कापलेली कड पाहा. लेदर असेल तर कडेला बारीक तंतू दिसतात. वर चकचकीत पापुद्रा आणि खाली विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन आहे. रेक्झिनला क्रीम लागत नाही, पॉलिशही मुरत नाही. ओल्या फडक्याने पुसणं एवढीच त्याची निगा. त्याचा वरचा थर दमट हवेत हळूहळू कमजोर होतो आणि एके दिवशी खपल्या निघायला लागतात. एकदा खपल्या सुरू झाल्या की कोणी काही करू शकत नाही. दुरुस्तीला पैसे घालू नका. पेटंट लेदर, म्हणजे आरशासारखं चमकणारं, तेही फक्त पुसायचं. मात्र ते दुसऱ्या रंगीत बुटाला चिकटून ठेवू नका, रंग लागतो आणि निघत नाही.

आता सासऱ्यांचे सेफ्टी शूज. याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. आपल्या शहरात कोयलीची रिफायनरी, खतांचे आणि रसायनांचे कारखाने, मकरपुऱ्याची जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत. घरटी एखादा तरी सेफ्टी शूजचा जोड माळ्यावर असतो, आणि दर वर्षी अशी माणसं माझ्याकडे येतात ज्यांना वाटतं की दुकानदाराने फसवलं. तुमच्या सासऱ्यांनी ते बूट अगदी मन लावून जपले असणार. पण हे सोल जपून ठेवण्याजोगे नसतातच.

असा सोल पॉलियुरेथेनचा असतो, ज्याला बाजारात पीयू म्हणतात. हलका, मऊ, तेलाला दाद न देणारा. पीयूचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत, पॉलिएस्टरवर आधारलेला आणि पॉलिइथरवर आधारलेला. पहिला झीज आणि तेल चांगलं सोसतो म्हणून बुटांत तोच जास्त येतो, पण त्याच्या साखळीतले दुवे पाण्याच्या वाफेने तुटतात. बूट पाण्यात बुडायला हवा असं नाही. हवेतली ओल पुरते, आणि उष्णता असेल तर काम वेगाने होतं. बडोद्यात ओलही आहे आणि उष्णताही. सोल बाहेरून जसाच्या तसा दिसत राहतो, आत त्याचं पीठ होत असतं. वापरातला सोल पावलागणिक दबतो आणि सुटतो, त्याच्यात ओल मुरून बसत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खोक्यात ठेवलेल्याला ती सवड मिळत नाही. त्यामुळे रोज घातलेला जोड पाच वर्षं चालतो आणि त्याच वेळी घेतलेला न घातलेला जोड पहिल्याच दिवशी जिन्यात तुटतो. ट्रेकिंगचे बूट आणि लग्नापुरते घेतलेले मऊ सोलचे फॉर्मल बूट यांचंही असंच होतं.

घालण्याआधी तपासायचं असेल तर सोलच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. नख रुतून तिथेच खळगा राहिला, बोटाला चिकट लागलं किंवा भुगा आला, तर सोल गेला. मग बूट हातात धरून पुढचा भाग वाकवा; वळणावर बारीक भेगा उघडल्या तरी तेच उत्तर. यावर लावायचं काही औषध नाही. वरचं लेदर मऊ आणि धड असेल तर जुना सोल पूर्ण खरवडून काढून रबराचा सोल बसवता येतो, आणि सासऱ्यांना सकाळी कमाटी बागेत फेऱ्या मारायला तो जोड छान चालेल. पण अशा दुरुस्त जोडाने पुन्हा कारखान्यात उभं राहू नये. त्याची घसरण रोखण्याची आणि खालून खिळा अडवण्याची खात्री मूळ सोलबरोबरच जाते. नवा सेफ्टी शू घेताना आयएस १५२९८ हे भारतीय मानक आहे का ते बघा आणि उत्पादनाची तारीखही बघा, ती बुटावर दिलेली असते. दुकानात तीन पावसाळे पडून राहिलेला जोड सवलतीत मिळाला तरी घेऊ नका. आणि जे घ्याल ते लगेच वापरायला काढा.

स्वेडच्या लोफरला पॉलिश, क्रीम, तेल यांतलं काही लावायचं नाही. स्वेड म्हणजे चामड्याची आतली बाजू घासून उठवलेली लव. भिजून वाळल्यावर ही लव चिकटून बसते, म्हणून हाताला कडक लागते. बहुतेक वेळा लेदर आतून ठीक असतं. पूर्ण वाळू द्या, मग स्वेडच्या ब्रशने एकाच दिशेने आणि नंतर उलट्या दिशेने घासा. चकाकणाऱ्या जागी शाळेचा पांढरा खोडरबर चोळा. एवढ्याने जमलं नाही तर उकळत्या किटलीची वाफ वीत-दीड वीत अंतरावरून दोन-तीन सेकंद देऊन पुन्हा ब्रश करा, लव उठते. बूट वाफेत धरून ठेवायचा नाही. तेलकट डाग पडला, शेवउसळीची तर्री उडाली, तर लगेच टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर भरपूर टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी झटका. मात्र माझं स्पष्ट मत सांगतो: ज्याला जूनपासून सप्टेंबरपर्यंत ॲक्टिव्हावर फिरायचं आहे, त्याने स्वेड दिवाळीनंतर बाहेर काढावा.

कोल्हापुरीचे काळे डाग बुरशीचे नसावेत. तुमचं चपलांचं स्टँड लोखंडी आहे का, बघा. अस्सल कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याची असते. तिच्यातलं टॅनिन, म्हणजे साल-हिरड्यातलं तुरट द्रव्य, ओलं असताना लोखंडाला लागलं की निळसर काळा डाग पडतो, आणि तो पॉलिशने जात नाही. लिंबाचा रस दुप्पट पाण्यात मिसळून कापसाने फक्त डागावर टिपा, पाच मिनिटांनी संपूर्ण पट्ट्यावर ओलं फडकं फिरवा म्हणजे पाण्याची कड उमटत नाही, आणि सावलीत वाळवा. डाग एका फेरीत फिका होतो, दोन-तीन फेऱ्या लागतील. इथे मात्र तेल चालतं. बाहेरून मिळालेल्या चरबीवरच हे चामडं मऊ राहतं. एरंडेलाचे चार-पाच थेंब फडक्यावर घेऊन पट्ट्यांना आणि अंगठ्याला चोळा, तासाभराने उरलेलं पुसून टाका. वर्षातून दोन-तीन वेळा बस. पावसाळ्यात ही चप्पल घालू नये; पाण्याने तळाचे थर फुगतात आणि चामड्याच्या वादीची शिवण ढिली होते. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांपुरतं आहे. नाव कोल्हापुरी आणि माल रेक्झिनचा, असं बाजारात भरपूर मिळतं, त्याला यातलं काही लागू नाही.

मोजडी नवरात्रानंतर तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत गेली असणार. नऊ रात्रींचा घाम तिच्या आत असतो, आणि खऱ्या जरीतली तांब्या-चांदीची तार त्या ओलीने काळी पडते. मऊ टूथब्रशने कोरडी झाडा, पाणी लावू नका. काळेपणा गेला नाही तर घासत बसू नका, टाका तुटतो. प्लॅस्टिकची जर असेल तर तिची गेलेली चमक परत येत नाही. यंदा गरबा संपल्यावर तीन-चार दिवस उघड्यावर ठेवा, टोकात कागद भरा, आणि जुन्या मलमलच्या किंवा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. पिशवी नको.

मुलाचे पांढरे बूट पिवळे होतात ते बहुधा साबणामुळे. कापडात राहिलेला साबण बूट वाळताना पाण्याबरोबर वरच्या पृष्ठभागावर येतो आणि उन्हात पिवळा होतो. नाड्या आणि गादी वेगळी करा, थोड्याशा सौम्य साबणाने, गार पाण्यात, ब्रशने धुवा. भिजत घालू नका. मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा, शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाका, पांढऱ्या टिशू पेपरमध्ये बूट गुंडाळा आणि सावलीत पंख्याखाली ठेवा. पिवळेपणा यायचा तो कागदावर येतो. ब्लीच टाळा, त्याने कापडही विरतं. वॉशिंग मशिनमध्ये बूट टाकायला माझा विरोध आहे, विशेषतः गरम पाण्यात. सोल चिकटवणारा गोंद उष्णतेने सैल पडतो आणि आपटून कडा सुटतात. फोमच्या क्रॉक्ससारख्या चपला मात्र नळाखाली धुतल्या तरी चालतात. फक्त उन्हात उभ्या असलेल्या गाडीत सोडू नका, त्या आकसून एक नंबर लहान होतात.

पुराचंही सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे ते टळत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा समा, फतेहगंज, मांजलपूर भागांतून पोत्यांत भरून बूट येत होते. बहुतेकांनी ते आधी वाळवले होते. तसं करू नये. पुराचा गाळ ओला असतानाच, रबरी हातमोजे घालून, वाहत्या पाण्याखाली धुवून काढावा. त्यात गटाराचं पाणी असतं, आणि वाळलेला गाळ शिवणीत दगडासारखा बसतो. लेदर पूर्ण भिजलेलं असताना सगळीकडून सारखं धुतलं तर डागांच्या कडा राहत नाहीत. आतली गादी फेकून द्या. मग बूट मधोमध धरून पिळल्यासारखा वळवा: आतला पुठ्ठा भुसभुशीत लागला किंवा टाचेचा मागचा कडकपणा गेला असेल तर तो जोड सोडून द्यावा, पैसे घालू नयेत. पुठ्ठा धड असेल तर वर सांगितलं तसं कागद भरून चार-पाच दिवस हळू वाळवा.

कपाटाचं एक काम सुताराकडून करून घ्या. दाराला खाली आणि वर बोटभर व्यासाची भोकं पाडा, म्हणजे हवा खालून शिरून वरून निघेल. जिन्याखालचं कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर दोन बोटं पुढे ओढा. नव्या बुटांसोबत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, पण त्या इवल्याशा पुड्यांनी अख्खं कपाट कोरडं होत नाही. पावशेर निळी सिलिका जेल आणून सुती पिशव्यांत भरा; गुलाबी झाली की ओलीने भरली असं समजायचं. ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दोन तास ठेवली की पुन्हा निळी होते. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. डांबराच्या गोळ्या ओल कमी करत नाहीत, फक्त वास झाकतात.

राहिला गोंद. सोलची कड सुटली की पहिल्यांदा हात जातो तो फेविक्विककडे. तो वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, आणि बूट पावलागणिक वाकतो, त्यामुळे दोन दिवसांत तडकतो. बुटाला लागतं ते रबरी सोल्यूशन. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरखरीत करा, धूळ झटका, दोन्हीकडे पातळ लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की जोडा आणि जोर लावून दाबा. ओलं असतानाच चिकटवलं तर धरत नाही, इथेच बहुतेकांचं चुकतं. सोल पीव्हीसी प्लॅस्टिकचा असेल तर साधं सोल्यूशन त्यावर टिकत नाही, त्याला पीयूचा गोंद लागतो. मोच्याकडे न्याल तेव्हा कुठे फेविक्विक लावलं होतं ते त्याला आधी दाखवा. तो कडक थर रापीने, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराने, खरवडून काढल्याशिवाय त्यावर कुठलाच गोंद बसत नाही.